निळ्या घसरगुंडीचा पास

नॉय सांतोंनी सव्वीस वर्षं पाहुण्यांची बोट चालवली. आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला नॉय म्हणतात, बाईला नांग. फिलिपिन्समधल्या मॅक्टनच्या धक्क्यावरून समोरच्या बेटावरच्या रिसॉर्टपर्यंत, दिवसाला चार फेऱ्या. तिथल्या वॉटरपार्कमधली निळी घसरगुंडी माडांच्याही वर जाते, भर समुद्रातून दिसते. पण नोकरांना पाण्यात उतरायची मनाई, त्यामुळे नॉयनी ती नेहमी लांबूनच पाहिली. मार्चमध्ये ते निवृत्त झाले तेव्हा रिसॉर्टने नवराबायकोला एका दिवसाचा पास दिला. सुकाणू त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या माझ्याकडे आलं.

त्या सकाळी मी त्यांच्यापुढे लाईफ जॅकेट धरलं.

"मला?"

"नियम आहे, नॉय. तुम्हीच शिकवलात."

त्यांनी ते अंगात अडकवलं, पण पट्टे काही बांधले नाहीत. मग वाटभर माझ्या पाठीमागे चालू: "डावीकडे घे. लाट अशी अंगावर घेतात? बोट चालवतोयस की रेडा हाकतोयस?"

त्यांची बायको, नांग फेलिसा, शेवटी वैतागल्या. "सांतो, आज तू पाहुणा आहेस. पाहुणे एकतर फोटो काढतात नाहीतर ओकतात. दोन्हीतलं एक काहीतरी कर."

फाटकावर पहारेकऱ्याने नांगची पिशवी उघडली. माडाच्या पातीत शिजवलेला भात, भाजलेली खारी मासळी. बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणाला. टाकून द्यायचा प्रश्नच नव्हता, म्हणून आम्ही तिघांनी सकाळी नऊ वाजता, उन्हात उभं राहून दुपारचं जेवण उरकलं. त्या दिवशी मधल्या फेऱ्या दुसऱ्याकडे होत्या, माझी परतीची चारची, तोवर मी त्यांच्याबरोबरच होतो.

घसरगुंडीच्या जिन्याशी एक तरुण नर्स बसली होती. साठीच्या पुढच्यांचा बीपी बघून मगच वर सोडायचं, असा नियम. नॉय बासष्टचे. बीपी निघाला एकशे सत्तर.

"एकशे साठच्या खाली आला की सोडते. अर्धा तास सावलीत बसा."

"पोरी, मी सव्वीस वर्षं समुद्रावर काढलीत."

"समुद्राचं मी नाही मोजत, नॉय."

ते बसले. समोरून पोरंटोरं, पोट सुटलेले बाप, एक नवरी, सगळे भिजून पुन्हा जिना चढत होते. अर्ध्या तासाने बीपी एकशे बहात्तर.

"दोनने वाढला," नर्स म्हणाली.

"तू मोजतेस म्हणून वाढतो."

"चिडू नका बघू."

"मी चिडलेलो नाही," नॉय म्हणाले, ते इतक्या मोठ्याने की रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

"आणखी खा खारी मासळी," नांग म्हणाल्या.

दोनदा असंच झालं. दुपारी नर्सने त्यांना माडाखाली आडवं केलं आणि डोळे मिटून पडून राहा, कशाचा विचार करू नका, असं बजावलं. पाऊण तास ते खरंच हलले नाहीत. उठले तेव्हा बीपी एकशे अठ्ठावन्न होता. नॉय तडक जिन्याकडे निघाले. बारा-तेरा पायऱ्या चढले असतील, तोच लांब समुद्रावर वीज चमकली आणि भोंगा वाजला. घसरगुंडी बंद. वरची सगळी माणसं खाली उतरवली. त्यांच्यात नॉयही.

खाली नांग फेलिसा केस पिळत उभ्या होत्या.

नॉयनी आभाळाकडे पाहिलं. "पाऊस कुठाय अजून?"

"पाऊस नाही. मी वरून आले. दोनदा."

"तुला कोणी सोडलं?"

"मी अठ्ठावन्नची आहे. मला कोण अडवणार?"

"मला न सांगता?"

"तुला विचार करू नको सांगितलं होतं ना."

येताना नॉय बोटीत बायकोपासून लांब, मागच्या बाकावर बसले. धक्क्याला लावताना माझी बोट चांगलीच आपटली, तरी त्यांनी मान वर केली नाही. ते मला जास्त लागलं.

चौथ्या दिवशी इंजिनाचं काही विचारायला मी त्यांच्या घरी गेलो. दोघं जेवत होती. इतके दिवस घरात बोलणं बंद होतं म्हणे. ताटातल्या भातात बोटं फिरवत नॉयनी एकदम विचारलं, "वरून काय काय दिसतं?"

"मला काय माहीत? मी डोळे घट्ट मिटले होते."

"मग दुसऱ्यांदा कशाला गेलीस?"

"पहिल्यांदा डोळे मिटले होते म्हणून."

"आणि दुसऱ्यांदा?"

"तेव्हाही मिटले."

नॉयनी ताट बाजूला सारलं. "इंजिनाचं काय म्हणत होतास?" असं मला विचारलं. मी सांगत गेलो, पण त्यांच्या कानापर्यंत काही पोचत नव्हतं.