सौद्याच्या दिवशीची साखर

बेदाण्याच्या धंद्यात किस्से आपोआप साचतात. सौदा, म्हणजे मालाचा लिलाव, सुरू व्हायला वेळ असतो, चहा येत राहतो आणि कुणी ‘बिनसाखरेचा’ म्हणालं, की तासगावच्या बाजारात गाडी हटकून आप्पांवर येते. मी त्यांच्या शेजारच्या गाळ्यात अडत करायचो. बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं.

आप्पा बेदाण्याचे मोठे खरेदीदार आणि अंगानंही मोठेच. नव्वदच्या दशकात ते अमेरिकेत मुलाकडे गेले, तिथे जठर लहान करायचं ऑपरेशन करून घेतलं आणि परतले ते निम्मे होऊन. पहिल्याच दिवशी एक जुना शेतकरी गाळ्यात आला, गादीवरच्या आप्पांना रामराम घातला आणि त्यांनाच विचारता झाला, "आप्पा कवा येनार हाईत?"

आप्पा म्हणाले, "आलं तेवढं हेच हाईत."

*

मग सांगलीतलं एक लग्न. आपल्याकडचा आग्रह म्हणजे ताटावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून जिलबी! एक-दोन आप्पांच्या पोटात गेल्या. काही वेळाने फोटोला उभे राहिले, तर आप्पा घामाने डबडबले आणि नवरदेवाच्या खांद्यावर रेलले. अजूनही अल्बम बघणारा म्हणतो, नवरीच्या बापापेक्षा हेच जास्त हळवे दिसतात.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी उपाशी पोटी रक्त तपासलं. रिपोर्ट बघून म्हणाले, "माझी शुगर अशी असती तर मी पेढे वाटले असते."

*

मुलाने अमेरिकेहून साखर मोजायचं मशीन पाठवलं. जेवल्यावर आकडा वर आणि थोड्या वेळाने पार तळाला. आप्पा म्हणाले, "हळदीचा भाव बी एवढा नाचत न्हाई."

गोड पोटात गेलं की साखर झपकन चढते आणि मग नको तितकी उतरते, एवढं डॉक्टरांच्या लक्षात आलं. असं का, ते त्यांना सापडेना; जठराचं असलं ऑपरेशन तेव्हा इकडे कुणी पाहिलंच नव्हतं. गोड बंद, थोडं थोडं खा, म्हणाले. आप्पांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, साखर-गूळ कुलपात घातला. आप्पांनीही मनापासून पाळलं. घरी असले की ठणठणीत असायचे. सौद्याच्या दिवशी मात्र हात थरथरायचे, जीभ जड व्हायची.

*

इथून पुढचं हसण्यासारखं नाही. आमचा धंदा तोंडच्या शब्दावर चालतो. बोली लावणाऱ्याची जीभ अडखळली, की लोक एकच अर्थ काढतात. जन्मात दारूला न शिवलेल्या आप्पांना एका शेतकऱ्याने चारचौघांत ऐकवलं, "सांजच्याला बोलू, उतरल्यावर."

आप्पा गाळ्यात येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. मला म्हणाले, "गड्या, दुकान बंद करावं म्हंतो." मला फार वाईट वाटलं. त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.

*

पुढच्या सौद्याला वहिनीच बाजारात आल्या आणि गाळ्याच्या दारात बसल्या. आप्पा रिवाजाप्रमाणे एकेक ढीग फिरू लागले. चार दाणे तोंडात, चव बघायची, मग बोली. पुन्हा पुढचा ढीग. वहिनी उठून मध्ये गेल्या.

"आवं, हे काय चाललंय?"

"माल बघतोय."

"डॉक्टरास्नी सांगितलं का हे?"

"त्यांनी खाण्याचं इचारलं हुतं. हे काय खाणं हाय व्हय?"

आमच्यापैकीही कुणी ते खाण्यात धरलं नसतं.

*

पण चव बघायची नाही तर खरेदी कशी करायची? चावून थुंकावं, तर शेतकऱ्यासमोर त्याच्या मालाचा अपमान. आप्पा सौद्याला यायचेच बंद झाले. एवढी तयार जीभ घरी बसली, म्हणून आम्ही हळहळलो.

मग एके दिवशी ते वहिनींना बरोबर घेऊन आले. पहिल्या ढिगातले दाणे उचलले आणि वहिनींच्या तळहातावर ठेवले. सगळा बाजार बघत होता. वहिनींनी पदर सावरला, दाणे तोंडात टाकले, सावकाश चावले. बोलल्या काहीच नाहीत. आप्पांनी खणखणीत आवाजात बोली लावली.

ढिगाचा मालक म्हातारा होता. तो गोंधळला. "आप्पा, तुमी माल बघितलाच न्हाई की."

"बघितला की," आप्पा म्हणाले. "हिच्या तोंडावर."