तीन माइक, एक रीळ

माझ्या धाकट्या भावाला स्वतःच्या खोकल्याची फार लाज वाटे. उबळ आली की तो भिंतीकडे तोंड करायचा आणि उशीचं टोक दातांत धरायचा. त्याचा क्षय साऱ्या गल्लीला ठाऊक होता, लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, तरी लपवायचा. मी चिडायची. "खोक की मोकळ्यानं, कुणाच्या बापाची भीती हाय?" असं म्हणायची आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची. भांडी आपटली की रडू ऐकू येत नाही.

परभणीला स्टेशनच्या रस्त्यावर आमचं दुकान होतं, लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचं आणि रेडिओ दुरुस्तीचं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, वर पत्रे. निजामाचं राज्य गेलं आणि सभांना नुसता ऊत आला, आज या पक्षाची, उद्या त्या पक्षाची. आमचं पोट त्यावर चालत होतं. भाऊ पूर्णेला रेल्वेच्या लोको शेडमध्ये फायरमन होता, इंजिनात फावड्याने कोळसा ओतायचा. तिथल्या एका ख्रिस्ती ड्रायव्हरने त्याला गिटार शिकवली. निजामाची रेल्वे भारत सरकारकडे गेल्यावर तो ड्रायव्हर बायकामुलांना घेऊन परदेशी निघून गेला आणि जाताना गिटार याच्या हातात ठेवून गेला. साहेबाच्या त्या वाद्यावर माझा भाऊ काय वाजवायचा, तर आमच्या आईच्या जात्यावरच्या ओवीची चाल. माहेरी वालूरला पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या आम्ही दोघं जी ऐकायचो, तीच. लोक हसायचे. मला मात्र ती ऐकली की ज्वारीच्या पिठाचा वास यायचा.

तो आजारी पडला तेव्हा लग्नाला फार दिवस झाले नव्हते आणि वहिनीला दिवस गेले होते. डॉक्टरांनी सांगितलं, तिला लांब ठेवा, मूल झालं तरी त्याला जवळ आणू नका. ती माहेरी सोनपेठला गेली आणि हा आमच्याकडे आला, सरकारी दवाखाना जवळ म्हणून. इंजेक्शनं झाली, पण उशीर झाला होता. हे आम्हाला कळत होतं आणि त्यालाही कळत होतं. शेजारणी म्हणायच्या, ते लाकडी खोकं दिवसरात्र छातीशी धरून त्याची छाती गेली. कोळशाचं नाव कुणी घेतलं नाही.

एक दिवस तो माझ्या नवऱ्याला म्हणाला, "दाजी, पोराला माझं तोंड दिसणार न्हाई. निदान हात तरी ऐकू यावा. तुमच्याकडं ते टेपचं यंत्र हाय ना?"

यंत्र होतं. हैदराबादला एका जागीरदाराच्या ड्योढीतलं, म्हणजे वाड्यातलं, सामान विकायला निघालं होतं, त्यातून यांनी ते आणलं होतं. मोठ्या बॅगेएवढी पेटी, आत दोन चकत्या फिरायच्या. यंत्रावर एक हिरवा दिवा होता, त्याला हे डोळा म्हणायचे. आवाज आला की तो मिटायचा आणि शांत झालं की पुन्हा उघडायचा. टेपचं रीळ मात्र एकच होतं. नवीन काही भरायचं तर आधीचं पुसून त्यावरच भरायचं. मला तेव्हा त्यात वावगं काही वाटलं नाही. पाटी तरी काय, पुसूनच लिहितो की आपण.

पहिल्यांदा यांनी आमचा सभेचा माइक लावला. तो कार्बनचा, लष्कराच्या मोडीतला. त्याच्या पोटात कोळशाची बारीक भुकटी असते, ती गोठून बसते, म्हणून त्यात दोन-चारदा जोरात फुंकल्याशिवाय तो जागाच व्हायचा नाही. परभणी जिल्ह्यात तेव्हा कुठलीही सभा फुंकल्याशिवाय सुरू होत नसे. पुढारी असो की हरदास, माइकसमोर आला की आधी फू करायचा, मग बोलायचा. लोकांनाही त्याची इतकी सवय की फू ऐकू आली की बिड्या विझवून नीट बसायचे. माझ्या भावानेही फू केलं आणि ओवीची चाल वाजवली. मधे दोनदा खोकला आला.

मग टेप लावली. आधी नुसती फोडणी तडतडल्यासारखा आवाज, त्याच्या मागे कुठेतरी लांब गिटार. आणि खोकला एवढा मोठा की मी दचकले. त्याने स्वतःचा खोकला असा बाहेरून कधी ऐकला नव्हता. 

"पोरगं घाबरंल, अक्का," तो म्हणाला. "पुसून टाका दाजी."

यांनी पुसलं.

दुसरा माइक यंत्राबरोबरच आलेला, क्रिस्टलचा. त्याच्यात फोडणी नव्हती, पण गिटार पत्र्याच्या डब्यावर तारा ताणल्यासारखी वाजायची. बोटं तारेवरून सरकली तरी करकर ऐकू यायची, आणि खोकला होताच. हे म्हणाले, माइक जरा लांब ठेवून बघू. लांब ठेवला तर वाद्य गेलं आणि आमच्या मोठ्या ॲम्प्लिफायरची घूं घूं तेवढी राहिली. तेही पुसलं. मग ऐन मे महिन्यात यांनी तो माइक दुकानात पत्र्याखालच्या फळीवर ठेवून दिला आणि तो मेला. त्याच्या आत मिठासारखा खडा असतो म्हणे, तो उन्हाने विरतो. मी यांना जे बोलायचं ते बोलून घेतलं. परभणीच्या उन्हात माणसं विरायलीत, तुमच्या खड्याचं काय घेऊन बसलात.

राहिला तिसरा. ड्योढीच्या त्याच सामानात एक जड काळा माइक आला होता, वरवंट्यासारखा. हा मुका निघाला म्हणून यांनी कोपऱ्यात टाकला होता. भावाने पडल्या पडल्या तो मागून घेतला, हातात फिरवून बघितला आणि म्हणाला, "दाजी, मुका नसंल. हळू बोलत असंल."

ते यांच्या डोक्यात बसलं. यांनी त्या माइकसाठी वेगळा छोटा ॲम्प्लिफायर बांधायला घेतला. बिस्किटाच्या डब्यात एक काचेचा व्हॉल्व्ह बसवला आणि घूं घूं नको म्हणून घरातली वीज न घेता खेड्यातल्या रेडिओची कोरडी बॅटरी लावली. मोठ्याला थोरला म्हणायचे, याला धाकटा म्हणायला लागले. माइकचा हळू आवाज धाकट्याने उचलायचा आणि टेपकडे द्यायचा, थोरल्याचं तिथं कामच नाही. पहिल्यांदा जोडलं तेव्हा हे समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून मला नुसते हसून दाखवत होते. टेपवर त्याची टिकटिक आली होती, जशी कानाला येते तशीच.

त्या माइकची आणखी एक तऱ्हा कळली ती माझ्यामुळे. हे टेप चालू करून बसले होते आणि मी बाजूला उभी राहून पाणी भरलं नाही म्हणून भांडत होते. मागाहून ऐकलं तर टेपवर चिमण्या होत्या, टांगा होता, मी जवळजवळ नव्हतेच. तो समोरचं आणि पाठीमागचं ऐकायचा, दोन्ही कडांना मात्र बहिरा.

"लय गुणाचा माइक हाय पाव्हणं," हे म्हणाले. "बायको ऐकू येत न्हाई."

त्यावर माझा भाऊ त्या सबंध आजारपणात एकदाच मनापासून हसला. हसला आणि खोकला, आणि खोकता खोकताच त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "दाजी," तो म्हणाला, "त्याची बहिरी बाजू माझ्या तोंडाकडं करा की."

एवढंच त्याला हवं होतं. हात ऐकू यावेत आणि छाती येऊ नये.

दोन दिवस यांची मांडामांड चालली. माइकचं तोंड गिटारीचा दांडा जिथे पोटाला मिळतो तिथे, कड भावाच्या ओठांकडे. पाठीमागून रस्त्याचा आवाज येऊ नये म्हणून दारावर दोन गोधड्या टांगल्या. दुपारची वेळ धरली. तेव्हा बाजार झोपतो, कापसाच्या जिनिंगचा भोंगा होऊन गेलेला असतो. चिमण्या हाकलायचं काम माझ्याकडे.

त्या दुपारी त्याने दाढी केली, धुतलेला सदरा घातला. यांनी चकत्या फिरवल्या आणि हाताने खूण केली. भावाने माझ्याकडे बघितलं, एखाद्या पुढाऱ्यासारखा गळा खाकरल्याचं सोंग केलं, माइकच्या समोर वाकला आणि मोठ्याने फू केलं. हिरवा डोळा टचकन मिटला, पुन्हा उघडला. मला हसू आलं. श्वास कुठून आणला कोण जाणे. मग तो मागे सरून नीट बसला आणि वाजवायला लागला.

मी खूप ऐकलंय त्यानंतर. मोठमोठ्या गवयांचं रेडिओवर ऐकलं, हैदराबादला जाऊन ऐकलं. पण त्या दुपारसारखं नाही. ओवीची ती साधी चाल, तिच्यात आई जातं थांबवून मूठभर दाणे टाकायची तो अडखळासुद्धा त्याने बरोबर ठेवला होता. संपेपर्यंत एकदाही खोकला नाही. घाम कानामागून ओघळत होता आणि ओठ मिटलेले.  गिटारला तो हिरवा डोळा तसाही जेमतेम पापणी हलवायचा, त्यामुळे तो उघडाच राहिला तरी यांना काही वेगळं वाटलं नाही. खरं तर हेही डोळ्याकडे बघतच नव्हते, भावाकडे बघत होते.

मग टेप लावली. फू ऐकू आलं, इतकं जवळून की जणू माझ्याच कानात. त्यानंतर काही नाही. आवाज वाढवला. नुसती टेप फिरल्याची सरसर. यांनी एक एक वायर काढून बघितली, धाकट्याचा डबा उघडला, बॅटरी तपासली, पुन्हा लावलं. फू, आणि मग काही नाही.

"परत वाजवतो," भाऊ म्हणाला आणि गिटार उचलायला गेला. तेव्हा जी उबळ आली ती सदऱ्यावर रक्त घेऊनच आली.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या पाया पडायची तेवढी राहिले. म्हटलं, कार्बनचा लावू, तडतड आली तर आली, वाईच वाजव. तो ऐकेना. "खोकला नको, अक्का. तेवढं नको." आमच्या घराण्याचा हट्ट आहे तो, माझ्यातही आहे, त्याला मी काय नावं ठेवणार. हे म्हणाले, मी हैदराबादला जाऊन माइक दुरुस्त करून आणतो, तोवर पाव्हण्यांनी दम धरावा. आणि गेले.

तिथला दुरुस्तीवाला माइक उघडून म्हणाला, "इसमें फूँक कौन मारे जी?" आत एक पट्टी होती, सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीच्या कागदाहून पातळ. तीच आवाजाने हलते आणि तीच आवाज देते. तिला समोरून फुंकर लागली की संपलं. पहिल्याच फुंकरीत ती तुटली होती. उरलेला सबंध वेळ माझा भाऊ एका मेलेल्या माइकसमोर वाजवत होता.

नवी पट्टी घालून हे परत आले. भावाला सरकारी दवाखान्यात हलवल्याचं स्टेशनवरच कळलं, तसे थेट तिकडेच आले, माइक टॉवेलात गुंडाळून बगलेत. मी व्हरांड्यात बसले होते. भाऊ तोवर गेला होता. यांना ते माझ्या तोंडावरच कळलं. टॉवेल तेवढा माझ्या मांडीवर ठेवला.

त्याचं अंथरूण-पांघरूण जाळावं लागलं. वालूरहून आलेल्या आईने गिटारही त्यावर ठेवायला लावली. रोग लाकडात बसतो असं तिला कुणीतरी सांगितलं होतं, आणि घरात आता लहान मूल येणार होतं. मी तिचा हात धरला, तिने सोडवून घेतला. जाळात तारा एकेक करून तुटल्या. मी कान झाकले नाहीत. आज वाटतं, ते कार्बनचं तडतडणं तरी कशाला पुसलं? त्या खोकल्यासाठी मी आज काय वाटेल ते देईन.

ते रीळ मी कुणाला हात लावू दिलं नाही. एकदा भजन भरून घ्यायला यांनी मागितलं, तेव्हा मी असं काही बोलले की यांनी पुन्हा नाव काढलं नाही.

वहिनीला मुलगी झाली. सोनपेठला तेव्हा वीज नव्हती, म्हणून ऐकायला तीच पोरीला घेऊन आमच्याकडे आली. पोर चांगली बोलायला लागली होती. सर्व्हिस मोटारीतून उतरताना पडली होती, कोपर खरचटलेलं, डोळे ओले. मी यंत्र लावलं. फू झालं. वहिनी पुढचं ऐकायला कान देऊन बसून राहिली. शेवटी मीच म्हणाले, "एवढंच हाय." तिने पदर तोंडाशी धरला आणि उठून मागच्या अंगणात गेली.

पोर तिथेच उभी होती. "आत्या, आत कोण हाय?"

"तुजा बाप हाय."

"काय करायलाय?"

काय सांगणार होते मी तिला? माइक, पट्टी, बॅटरी? म्हणाले, "फुंकर घालायलाय."

तिने जरा विचार केला. मग बाही वर सारून खरचटलेलं कोपर लाऊडस्पीकरच्या कापडाला लावून धरलं. "लाव आता," म्हणाली.

मी रीळ मागे फिरवलं आणि लावलं.

"थांबलं का दुखायचं?" मी विचारलं.

"जरा जरा," ती म्हणाली आणि कोपर तसंच धरून उभी राहिली.