चपलांशेजारी उतरवलेले मास्क

करोनाच्या वर्षी आमच्या वाडीने मास्क कुठे लावला आणि कुठे काढला, हे आठवलं की माझं डोकं आजही तापतं. रस्त्यावर लावला. खाली नाक्यावर पोलीस उभा असायचा, म्हणून एकटा माणूस गाडीवरून काजूच्या बागेत निघाला, चारी बाजूंना चिटपाखरू नसलं, तरी नाकापर्यंत ओढून लावला. आणि जिथे सगळी वाडी मांडीला मांडी लावून बसणार, पावसामुळे खिडक्या बंद, त्या घरात शिरताना उंबऱ्याबाहेर चपला काढाव्यात तसा काढून ठेवला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मास्क मीच शिवले होते. नवऱ्याचं घर सोडून मी माहेरी आले ती शिलाई मशीन घेऊनच, आणि तेव्हापासून वाडीतल्या बायकांची झंपरं माझ्याच हातची. शाळा बंद पडली तेव्हा मुलांच्या गणवेशाचं निळ्या चौकटीचं कापड तसंच पडून होतं. ते ग्रामपंचायतीने माझ्याकडे आणून टाकलं आणि वाडीला पुरतील एवढे मास्क शिव म्हणून सांगितलं. मी शिवले. सगळ्यांना इलॅस्टिक लावलं, फक्त बाबांच्या मास्कला माझ्या जुन्या परकराची पांढरी नाडी लावली. त्यांच्या कानामागे इलॅस्टिक काचायचं.

बाबांची छाती आधीपासूनच कामातून गेलेली होती. त्यांचं उभं आयुष्य लोट्याच्या एका रसायनांच्या कंपनीत गेलं. कंपनीची बस हायवेला सोडायची, तिथून चालत घरी. तिथेही मास्क होता, रबराचा, जाड. उकाड्यात जीव घाबरा झाला की सगळे कामगार तो गळ्यात ओढून काम करायचे, बाबाही. रिटायर झाले तेव्हा निरोपाच्या नारळासोबत तो खोकलाही घरी आला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, की ह्यांना हा आजार झाला तर ह्यांची छाती तो पेलणार नाही.

त्या दिवसापासून मला भीतीने पछाडलं. मशीनवर बसले तरी कान बाबांच्या खोलीकडे. खोकला आला की पाय थांबायचा, सुई कापडात तशीच. दूध घ्यायला गेले आणि कुणी मागून जवळ आलं की माझ्याच मास्कच्या आत मला श्वास पुरत नसे. मास्क काढावा तर भीती, ठेवावा तर गुदमर. वाडीतल्या बायका हसायच्या, मला डॉक्टरीणबाई म्हणायच्या. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, असंही एकीने मला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं. मी घरी येऊन भांडी आपटली.

तशात गणपती आले. आमच्या वाडीत रोज संध्याकाळी आरतीची मंडळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घराघरांतून जातात. एकही घर चुकत नाही. आरती चुकते ती फक्त सुतकाच्या घराला. आणि कुठल्याही घरात पहिली आरती सुरू करायची ती बाबांनी. हा त्यांचा मान. बाबा झांज हातात घेत, डोळे मिटत आणि पहिली ओळ अशी काढत की खालच्या वाडीतली कुत्री उठून बसत. खोकला लागल्यानंतरही आरतीपुरता आवाज कुठून यायचा, देव जाणे. एरवी न्हाणीघरापर्यंत चालताना धाप लागणारा माणूस आरतीला उभा राहायचा.

त्या वर्षी मुंबईचे चाकरमानी आठवडाभर आधी आले होते. त्यांना शाळेत वेगळं ठेवलं होतं, पण गणपतीच्या आदल्या दिवशी त्यांना सोडून दिलं, कारण देव घरात येतो आणि घरचा माणूस शाळेत झोपतो हे कुणाला बघवेना. मी गावकरांकडे गेले. गावकर म्हणजे आमच्या वाडीचे वडीलधारे, त्यांचा शब्द शेवटचा. मी हात जोडून एवढंच मागितलं, की आमच्या घरी मंडळींनी बाहेर खळ्यात, अंगणातच उभं राहून आरती म्हणावी. दार उघडं ठेवते, देव दिसेल, वर ताडपत्री घालते, कुणी भिजणार नाही. आणि तोंडावरचा मास्क तोंडावरच असू दे.

गावकरांनी पानाला चुना लावत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "देवासमोर तोंड झाकायचा नाय गो. आणि देवाला खळ्यातनं आरती? भिकाऱ्यावानी?"

असला नियम मी जन्मात ऐकला नव्हता. पावसात इरलं घेऊन आरतीला आलेली माणसं मी पाहिली आहेत, डोक्यापासून पोटरीपर्यंत झाकलेली. पण तो नियम दुपारपर्यंत वाडीभर झाला, जणू पूर्वजांपासून चालत आलेला. मग तोडगा निघाला, की मास्क उंबऱ्यापर्यंत लावायचा, तिथे काढायचा, देवाला तोंड दाखवायचं, निघताना परत लावायचा. ह्या अकलेचं सगळ्यांना फार कौतुक वाटलं.

पहिल्या संध्याकाळी मंडळी आमच्या खळ्यात आली तेव्हा मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, इथूनच म्हणा. कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. गावकरांनी फक्त हात वर केला, आणि मंडळी वळली आणि पुढच्या घरी गेली. पुढचं घर म्हणजे हाकेच्या अंतरावर. तिथली झांज आमच्या मखरापर्यंत ऐकू येत होती. आत बाबा देवासमोर पाटावर बसले होते, नवं धोतर नेसून, झांज मांडीवर. मी निरांजन पेटवलं आणि म्हटलं, आपण दोघं म्हणू. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "सुतक लावलंस बाय घराला."

मी एकटीने आरती म्हटली. आवाज रडका होता, आणि मला माझाच राग आला.

दुसऱ्या दिवशी बाबा माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मागीलदारी भांडी घासत होते, पाऊस कोसळत होता. हात पुसून ओटीवर आले तर बाबा नव्हते. खुंटीवरची झांज नव्हती, छत्री नव्हती. मास्क मात्र घेऊन गेले होते. शेजारच्या घरातून त्यांचा आवाज आला. पहिली ओळ. मी तशीच खळ्यात उतरले आणि त्या घराच्या पायरीपर्यंत गेले. पायरीवर चपलांचा ढीग होता, आणि चपलांशेजारी, कठड्यावर, खिळ्याला, दाराच्या कडीला, जिथे जागा मिळेल तिथे निळ्या चौकटीचे मास्क. माझ्या हातचे. आत सगळी वाडी तोंड उघडून गात होती, आणि मधोमध माझा बाप, डोळे मिटलेला.

मला आत जाऊन ओढून आणता आलं असतं. पण त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी आई गेल्यानंतर पाहिलं नव्हतं. मी घरी येऊन बसले आणि वाट बघितली.

ते आले, छत्री झटकली, मास्क काढून खुंटीला लावला. खुशीत होते. मी मास्ककडे पाहिलं. त्याला इलॅस्टिक होतं.

मी विचारलं, हा कुणाचा? बाबांनी हातात घेऊन उलटसुलट केला. अंधारात हाताला आला तो लावला, म्हणाले. देवळात चप्पल बदलते तसं झालं असेल. मी तो बोटाने उचलला. आतली बाजू ओली होती. ती ओल कुणाच्या तोंडाची, कोण जाणे. चुलीत टाकला, बाबांना गुळण्या करायला लावल्या, आणि तशीच त्या पावसात दारोदार फिरले. नाडीचा मास्क कुणाकडे आलाय? सगळे हसले. "एकाच कापडाचे तर हायत गो, तूच शिवलेस." कुणी उठून खिळ्याकडे बघायचे कष्टही घेतले नाहीत. एका चाकरमान्याने दारात येऊन, खोकत खोकत, मला सांगितलं की मुंबईत एवढं राहून त्याला काही झालं नाही, इथे काय होणार.

मास्कमुळे झालं, की त्या बंद खोलीत सगळे गायले त्यामुळे, की आणखी कशामुळे, हे मला कधीच कळणार नाही. गौरी गेल्या आणि बाबांना ताप चढला. त्याच आठवड्यात वाडीत घरोघर ताप होता. बाकीचे काढे पिऊन उठले. बाबांना अँब्युलन्स न्यायला आली तेव्हा वाडी आपापल्या दारात उभी होती, आणि सगळ्यांच्या तोंडावर मास्क. तेव्हा बरे लावले. उघड्या खळ्यात, भर दुपारी, माझ्या बापापासून चार घरं लांब उभं राहून लावले. मी अँब्युलन्समध्ये चढताना जे ओरडले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते मी मागे घेतलेलं नाही.

बाबा वाचले. डॉक्टरांनाही नवल वाटलं. पण घरी आले ते सोबत यंत्र घेऊनच. हवेतला ऑक्सिजन ओढून देणारं, फ्रीजसारखं घुरघुरणारं, आणि त्याच्या नळीच्या टोकाला प्लॅस्टिकचा पारदर्शक मास्क, नाकातोंडावर बसणारा. सुरुवातीला झोपताना, मग दिवसाही, आता जवळजवळ कायम. वीज गेली की माझा जीव टांगणीला. इतकी वर्षं झाली, लोक करोना विसरले. बायका मला झंपराचं माप देताना सांगतात, की काय ते दिवस होते, कसली भीती घातली होती आपल्याला. आपल्याला म्हणतात. मी टेप घट्ट ओढते.

आरतीची मंडळी पुढच्या वर्षीपासून परत येऊ लागली. कुणी माफी मागितली नाही, कुणी विषयही काढला नाही. बाबांना बरं वाटायचं म्हणून मी दार उघडं ठेवलं. पहिली दोन-तीन वर्षं बाबा आरतीपुरता मास्क खाली करून पहिली ओळ कशीबशी काढायचे, अर्ध्यावर दम संपायचा, मंडळी उचलून धरायची. गेल्या वर्षी तर गाताना त्यांच्या ओठांचा रंग मला बघवेना.

यंदाही पहिल्याच संध्याकाळी सगळे आले, चपला काढून, ओलेत्याने. बाबा मखरासमोर खुर्चीत, नळी लावलेली, झांज हातात. मंडळी थांबली. बाबांनी सुरू केल्याशिवाय कोण करणार? गावकर आता म्हातारे झालेत, बाबांशेजारी पाटावर बसतात. ते वाकून अगदी प्रेमाने म्हणाले, "आरतीपुरता काढा तो तोंडावरचा. देवासमोर बसलायव."

बाबांचा हात वर गेला. सवयीने. मी तबक खाली ठेवलं आणि तो हात धरला.

"देवाला ह्यांचं तोंड ठाऊक आहे," मी म्हटलं. "काढायचा नाही."

गावकर गोंधळले. मग पहिली आरती कोण म्हणणार, असं त्यांनी विचारलं, मला नव्हे, सगळ्यांना. कुणी पुढे होईना. माणसं एकमेकांकडे बघू लागली. सगळं घर गप्प झालं आणि कोपऱ्यातलं यंत्र ऐकू यायला लागलं. घुरघुर, मग फस्स, मग परत घुरघुर. एरवी आरतीच्या गजरात ते कुणाला ऐकू जात नाही. मला ते रोज ऐकू येतं, झोपेतसुद्धा.

"ऐका," मी म्हटलं. "ह्या घरची पहिली आरती आता ही. तुम्ही सगळ्यांनी मिळून बसवलेली."

शेवटी बाबांनीच माझ्या हातातून हात सोडवून घेतला, मास्कला हात न लावता झांज उचलली आणि ताल धरला. मग मागून कुणीतरी घोगऱ्या आवाजात सुरुवात केली, आणि बाकीचे त्यात मिसळले. मी मंडळींसाठी ठेवलेली उसळ बघायला आत गेले. चुलीपुढे उभी राहिले, आणि मला जराही हलकं वाटत नव्हतं.

दुसऱ्या संध्याकाळी झांज वाजत आली आणि खळ्यातच थांबली. मी ओटीवर आले. पाऊस झिमझिमत होता. सगळी वाडी छत्र्या उघडून खळ्यात उभी होती, गावकर पुढे, कुणाचा तरी हात धरून. दारातून देव दिसत होता, बाबाही दिसत होते. तिथूनच त्यांनी आरती सुरू केली.

मंडळींना वाटलं असेल मला बरं वाटेल. मी खांबाला धरून उभी राहिले आणि मला एवढंच म्हणावंसं वाटत होतं, की हेच तर मी मागितलं होतं. त्या वर्षी. हात जोडून.