कोऱ्या मेमरीतला अंगठा

भूतखेत, आत्मा-बित्मा... यावर माझा काडीचाही विश्वास नव्हता. प्रोग्राम चुकतो तो लिहिणाऱ्यामुळे, हे माझं ठाम मत. आजही बरंचसं तेच आहे.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाल्यानंतरची, अंगठ्याच्या मशीन नव्या आल्या तेव्हाची गोष्ट. मी भंडाऱ्याजवळच्या शहापूरचा, नोकरी नागपुरात एका छोट्या कंपनीत. नोव्हेंबरात सिहोऱ्याच्या समाजमंदिरात पेन्शनवाल्यांच्या हयातीचा कॅम्प होता — अंगठा जुळला तर माणूस जिवंत, नाहीतर पेन्शन बंद.

आमचा प्रोग्राम जावा भाषेतला, मशीनशी बोलणारा भाग 'सी' भाषेतला. अंगठ्याच्या चित्रासाठी 'सी' जावाकडे मेमरी मागतो. नाही मिळाली तर तिथंच थांबायचं, घेतलेली परत द्यायची, जावाला चूक कळू द्यायची. मी तसंच लिहिलं होतं. पण कंपनीतल्या माझ्या सरांनी तो चेक, म्हणजे ती तपासणी, परस्पर काढून टाकली होती! का? तर एरर दिसली की साहेब लोक चिडतात. मेमरी नसली तर जुन्या जागेत जे पडलं असेल तेच अंगठा म्हणून वापरायचं — उष्ट्या ताटातच पुढच्याला वाढायचं. कॅम्पवर पोचल्यावर हे कळलं आणि शिसारी आली.

सकाळी मशीन चालू केली. पहिल्याच शेवंताबाई, शाळेतल्या चपराश्याच्या विधवा. धानाची रोवणी करून करून अंगठा पार गुळगुळीत. पुन्हा पुन्हा ठेवायला लावला. दर वेळी नवी मेमरी जात होती, परत काहीच येत नव्हतं. ती संपली असणार, कारण अचानक स्क्रीनवर एक ठसठशीत अंगठा आला... मधोमध तिरपा चिरा. खाली लाल अक्षरं : जुळत नाही.

बाईंच्या अंगठ्यावर चिरा नव्हता. माझ्याही नव्हता. आणि त्या दिवशी तिसऱ्या कुणी मशीनला हातच लावला नव्हता.

बाई वाकून बघत राहिल्या. "हा तं याइचा आंगठा होय... धान कापतानी इळ्यानं चिरला होता."

नवरा तर मशीन यायच्या कितीतरी आधी वारलेला.  मागून सर तंबाखूचा खर्रा चघळत म्हणाले, "अबे, जुळत नाही ना? लिही तसं अन् पुढचा घे. काहून टाइम खाऊन राहिला?"

"मी तं जित्ती आहो ना, बाबू," बाई म्हणाल्या. "मेले ते, अना पेन्शन माही बंद?"

अंगठ्याची भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण किळस आली ती सरांची. तिथंच बसून चेक परत घातला. सर खिडकीतून पिचकारी मारून बडबडत होते, मी लक्ष दिलं नाही. आता प्रोग्राम सरळ म्हणाला, मेमरी मिळाली नाही, पुन्हा प्रयत्न करा. अडकलेली मेमरी सुटली, पुन्हा केला... बाईंचा अंगठा जुळला!

तो अंगठा आला कुठून? मेमरी सकाळची कोरी, साठवलेल्या अंगठ्यांत बाईंच्या नवऱ्याचा नाहीच. खूप शोधलं. आजही उत्तर नाही.

दाखला हातात घेऊनही बाई उठेनात. "बाबू, तो आंगठा अजून एक डाव दाखवशीन का? फोटो नाही याइचा एकबी."

"नाही मावशी," मी म्हणालो. "आता नाही दिसणार."

माझा चेक आजही बरोबर चालतो; तो अंगठा पुन्हा कधी दिसला नाही.