भेस्तानचे उंदीर बमरोलीत

भेस्तान आणि बमरोली यांच्यामध्ये एक घाण खाडी आहे. तिच्या दोन्ही बाजूंच्या शेतांतले बारके उंदीर दिसायला अगदी सारखे, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची गुणसूत्रं वेगळी निघतात. खाडीमुळे त्यांचा संबंध तुटला म्हणून हा फरक टिकला, हे माझ्या पीएचडीचं सगळं भांडवल. त्यासाठी मी उंदीर जिवंत पकडायचे, भेस्तानच्या आमच्या घरामागे पिंजऱ्यात ठेवायचे आणि प्रयोगशाळेत नेऊन मारायचे. गुणसूत्रं पाहायला मांडीच्या हाडातली मज्जा लागते, ती मारल्याशिवाय मिळत नाही. मधूनच पिंजऱ्यातला एखादा गायब व्हायचा, तेव्हा मी दाराच्या तारेला शिव्या घालायचे.

गेल्या हिवाळ्यात बमरोलीकडच्या एका उंदरात मला दोन्हीकडची गुणसूत्रं एकत्र दिसली. संकर! भेस्तानचा उंदीर खाडी ओलांडून गेला होता आणि तिकडे त्याने संसारही थाटला होता. असा संकर आजवर कुणाला सापडला नव्हता. माझे मार्गदर्शक सर इतके खूश झाले की त्यांनी मला लगेच शोधनिबंध लिहायलाच बसवलं. माझं नाचायचंच काय ते बाकी होतं.

घरी आले तर आई दारात बसून साड्यांचे लोंबते धागे कापत होती. हे काम तिला बमरोलीच्या एका कारखान्यातून मिळतं. मी विचारलं, "माय, भेस्तानना उंदीर खाडीपल्याड कसा गया व्हई, सांग."

तिने कात्रीही थांबवली नाही. "मीच सोडी उनू."

मला वाटलं, चेष्टा करतेय.

"गनपतीनं वाहन शे ते. तू मारस. म्हनीसन चतुर्थीले मी एखादं डबामा घालीसन साड्यासना गाठोडामा लई जास. कारखानामांगे शेत शे, तठे सोडी देस. तुन्हं पाप हलकं व्हवाले."

माझी पदवी, तो शोधनिबंध, खाडी ओलांडणारा तो शूर उंदीर, सगळं माझ्याच आईच्या गाठोड्यातून गेलं होतं. परक्याने केलं असतं तर त्याची गचांडी धरली असती. इथे घरचाच भेदी. शेवटी मी ओरडलेच, की माझ्या कामाचं वाटोळं केलंस.

वाटोळं कसलं, ते तिला समजलं नाही. तिने कात्री खाली ठेवली आणि हळूच विचारलं, "तठे जगनात का वं त्या?"

मी हो म्हटलं. त्यांना पिल्लंही झाली होती. त्यातलंच एक मी मारलं होतं, म्हणून तर हे कळलं.