आधी नेटची वायर काढा

त्या दिवशी सकाळपासून माझं कशातच लक्ष नव्हतं. शहापूरच्या माझ्या कॉम्प्युटर क्लासात ड्रॉइंग शिकलेली खर्डीकडची एक मुलगी मुरबाडच्या कारखान्यात रुजू होणार होती. आठ दिवस काम बघू, मग ठरवू, असं तिथल्या साहेबांनी सांगितलेलं. नोकरी टिकली नाही तर यंदाच लग्न उरकायचं, हे तिच्या आईनं मला तोंडावर ऐकवलं होतं. मी फोन उचलत होते, ठेवत होते, शिकायला आलेल्या मुलींवर उगाच खेकसत होते.

धाकधूक माझ्याच कर्माची होती. माझ्या क्लासातलं एकही सॉफ्टवेअर विकतचं नाही. कुणीतरी पेनड्राइव्हवर दिलं, मी पुढे दिलं. आमच्याकडे एखाद्याचं भात चांगलं आलं की शेजारी बियाणं मागून नेतो. नाही म्हणणारा चिकट ठरतो. सॉफ्टवेअरचंही तसंच झालं. परदेशात नोकरी करणारी माझी भाची म्हणाली, "मावशी, इथं असं केलं तर घरी बसवतात." मी म्हटलं, "तिकडे मागायला शेजारी येतो तरी का गं?" बोलले खरी, पण ते मनातून गेलं नाही.

नेट चालू असलं की आमचं ते सॉफ्टवेअर पकडलं जायचं आणि बंद पडायचं. म्हणून मी मुलींच्या वहीत पहिलाच नियम लिहून द्यायचे: आधी नेटची वायर काढा, मग ड्रॉइंग उघडा. का, ते सांगायची मला लाज वाटायची.

दुपारी तिचा फोन आला. "मॅडम, मी वायर काढली आन् ड्रॉइंग उघडंच ना. साहेब आले, वायर बघितली, म्हणाले, आमचं विकतचं सॉफ्टवेअर नेटवरच चालतं, तू चोरीच्या सॉफ्टवेअरवर शिकलीस ना, कुठं शिकलीस?"

मी विचारलं, "मग?"

"मोबाइलवर बघून शिकले, असं सांगितलं. तुमच्या क्लासचं नाव नाय घेतलं. ठेवायचं का नाय ते संध्याकाळी सांगतो म्हणालेत." मग हळूच म्हणाली, "पण मॅडम, आमी वायर का काढायचो?"

मी सांगितलं.

क्लासला कुलूप लावून मी मुरबाडची गाडी धरली. बसायला जागा होती, तरी मी उभीच राहिले. साहेबांपुढे गेले आणि म्हटलं, वायर काढायला मी शिकवलं, तिला काही माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलंही नाही. तिला मात्र ठेवून घेतलं.

बाहेर ती माझ्यासोबत फाटकापर्यंत आली. म्हणाली, "मॅडम, पाड्यावर मी चौघींना शिकवलंय. त्यांच्या वहीतबी पयला नियम तोच हाय."