मास्साबांचा फेरोशस कोंबडा

इंग्रजीवर जीव टाकणारी माणसं सौंसर तहसिलीत पुष्कळ सापडतील, पण एका इंग्रजी शब्दापायी जावयाच्या ताटातला कोंबडा पळवणारा माणूस अख्ख्या मध्यप्रदेशात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या सासूबाईंचा शेजारी निघावा, हे माझं नशीब! सगळं गाव त्यांना मास्साब म्हणतं. शाळेत इंग्रजी शिकवायचे तेव्हा त्यांची सायकल वळणावर दिसली की पोरं गल्लीबोळांत पांगायची. माझी बायको तर आजही त्यांच्यासमोर हात मागे बांधून उभी राहते. निवृत्त झाले तरी ओसरीवर त्यांची फुकट शिकवणी चालूच. शब्दाचा अर्थ पाठ करायचा नाही, जाऊन पाहून यायचा, हा त्यांचा दंडक. 'पेशंस' म्हणजे काय? तर स्टँडवर जा आणि छिंदवाड्याच्या बसची वाट पाहणारी माणसं पाहून ये. 'फ्युरियस' पाहायचा तर नागपूरच्या बसमध्ये कंडक्टरच्या सीटवर बसून बघ. राहिला 'फेरोशस'. पुस्तकात त्याच्यापुढे सिंहाचं चित्र होतं. मास्साब भडकले. "सिंह कोणाच्या बापानं पाह्यला सौंसरात? आपल्या गावचा दाखवा ना!"

तो मान शेवटी सासूबाईंच्या कोंबड्याला मिळाला. त्याचं नाव ठाणेदार. पोस्टमन, दूधवाला, गल्लीतली कुत्री, सगळे त्याचं फाटक टाळून जायचे. लग्नानंतर मी पहिल्यांदा सासरी गेलो, तेव्हा ओवाळायच्या आधी मला यानं टोचलं, तेही नव्या पँटीत. मास्साब पोरांना कुंपणाबाहेर उभं करून समजावायचे, "पाहा नीट. कंडक्टरले राग येते अन् उतरून जाते, तो फ्युरियस. याले कारणच लागत नाही. दया नाही, माया नाही, हा फेरोशस. मे महिन्यातलं ऊनही फेरोशस असते, भूकही असते. पण अस्सल माल हा!"

आता आमच्याकडे आषाढात जावयाला आखाडीचं जेवण असतं, आणि त्यात कोंबडा नसेल तर ते जेवणच नव्हे. त्या वर्षी सासूबाईंनी ठाणेदाराचं नाव काढलं. मीही पांढुर्ण्याहून पोट रिकामं ठेवून निघालो, जुना हिशेब चुकता करायचा होता ना! पोचलो तर मास्साब रेनकोट घालून दारात उभे, डोळे भरलेले.

"बाई, उद्या पोरं काय पाहतीन? तहसिलीत दुसरा नाही असा."

"अन् जावयाले काय वाढू मी?" सासूबाई म्हणाल्या. "लोक काय म्हणतीन मले? चार दिवसांनी श्रावण लागून राहिला, मग तं सारंच बंद."

मास्साब माझ्याकडे वळले. "जावईबापू, भूक कशी हाय?"

"फेरोशस," मी म्हणालो.

"वापर बरोबर हाय," ते पडेल आवाजात म्हणाले आणि निघून गेले. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण पोटाला कुठे वाटत होतं?

थोड्या वेळानं सासूबाई परसात गेल्या, तर ठाणेदार नाही! शेजारच्या खिडकीच्या गजांआड मास्साब दिसले. रेनकोटाच्या पोटात काहीतरी धडपडत होतं, हात रक्तानं माखलेले आणि चेहऱ्यावर दिवाळी. "पाहा, पाहा, कसा टोचते! श्रावण लागू द्या बाई, आणून देतो वापस." त्या आखाडीला मी वांग्याची भाजी खाल्ली. ती चांगली होती, हे मी अजून कबूल केलेलं नाही.

श्रावण आला, गेला, ठाणेदार काही परत आला नाही. सासूबाईंनीही मागितला नाही, उलट त्याच्यासाठी ज्वारी पाठवू लागल्या. यंदा आखाडीला गेलो तेव्हा बायकोसोबत मास्साबांकडे डोकावलो. ते ओसरीवर खुर्चीत टेकून बसले होते, खूप थकलेत आता. ठाणेदार त्यांच्या मांडीवर, डोळे मिटून. मोहगावहून शिकायला येणारी एक नवी पोरगी विचारत होती, "मास्साब, तो फेरोशस कुठं हाय?"

"हळू बोल," मास्साब कुजबुजले. "झोपून हाय. उठला तं कोणाले सोडत नाही."

पोरगी घाबरून मागे सरकली. ठाणेदारानं एक डोळा उघडला, मास्साबांच्या बाहीत चोच खुपसली आणि पुन्हा झोपला. मला हसू आवरेना. बायकोनं चिमटा काढला.

"हासू नका. मास्साब ओरडतीन."

मास्साबांना कोणावर ओरडून कितीतरी वर्षं झाली. तरी मी हसू गिळलं आणि तिच्याशेजारी हात मागे बांधून उभा राहिलो.